दळण आणि मोहीम

ग्रंथपरीक्षणासाठीं राखलेल्या ह्या पानांत एका खेळप्रकाराचें परीक्षण पाहून आमच्या कांहीं वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. काव्य, नाटक, कादंबरी आणि फार तर चित्रपट ह्यांच्या पलीकडे टीकाकारानें पाऊल टाकूं नये, असा आपल्याकडील शिष्टसंप्रदाय आहे. परंतु ज्या घरांतून हें मासिक वाचलें जातें त्याच घरांतील सोळा-सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी रात्रीं कादंबरी हातीं न घेतां संगणकापुढें बसून एका दूरच्या कल्पित राज्यांत तलवार घेऊन हिंडत असते, ही गोष्ट आतां लपून राहिलेली नाहीं. त्या राज्यांत तिला नांव आहे, वेष आहे, स्नेही आहेत, शत्रु आहेत आणि दर्जा आहे. जेथें मनुष्य आपल्या आयुष्याचे शेंकडों तास वेंचतो आणि त्यांच्या मोबदल्यांत एक कथा जगतो, तेथें टीकेचा अधिकार पोंचत नाहीं असें म्हणणें म्हणजे टीकेनें आपलें काम टाळणें होय.

आमचा रोख आहे तो ऑनलाइन भूमिका-खेळांकडे. हे खेळ इंटरनेटच्या द्वारें चालतात. एकाच कल्पित जगांत एकाच वेळीं हजारों माणसें वावरतात. प्रत्येकजण एक पात्र धारण करतो, आणि तें पात्र आरंभीं दुबळें, निर्धन व अनामिक असून हळूहळू बलवान् होत जातें. ह्या वाढीचें मोजमाप आंकड्यांनीं होतें. गुण सांठले कीं पात्राची पातळी एका पायरीनें चढते, नवें शस्त्र पेलतां येतें, नव्या प्रदेशाचें दार उघडतें. गुण मिळविण्याचे मार्ग मुख्यतः दोन आहेत. पहिल्यांत त्या जगांतील एखादा राजा, कोतवाल किंवा म्हातारी खेळाडूवर कांहीं कामगिरी सोंपविते. मग वाट शोधावी लागते, कोडें सोडवावें लागतें, क्वचित् कोणाचा पक्ष घ्यावा हेंहि ठरवावें लागतें. आणि कामगिरी पुरी झाली म्हणजे मोठें बक्षीस एकदम पदरांत पडतें. दुसऱ्या मार्गांत कोणी कांहींच सोंपविलेलें नसतें. एका माळावर उभें राहावयाचें, समोर येणारा प्राणी मारावयाचा, तो पुन्हां उपजला कीं पुन्हां मारावयाचा, आणि प्रत्येक वधागणिक मिळणारे चार-दोन गुण सांठवीत जावयाचें. खेळाडू पहिल्या मार्गास 'क्वेस्ट' म्हणतात व दुसऱ्यास 'ग्राइंड'. पहिल्यासाठीं आम्हांस 'मोहीम' हा शब्द पुरेसा वाटतो. दुसऱ्यासाठीं शब्द शोधण्याचेंहि कारण नाहीं. 'ग्राइंड' म्हणजे दळणें. आणि तेंच तेंच करीत बसणाऱ्यास 'काय हें दळण मांडलें आहेस' असें आपल्या आया-आज्या म्हणत आल्याच आहेत.

ह्या दोहोंचें प्रमाण काय असावें, हा खेळ रचणाऱ्यांमधील जुना वाद आहे. वरवर पाहतां तो कारागिरीचा प्रश्न दिसतो. परंतु कोणत्या श्रमास प्रगति म्हणावयाचें हें त्या प्रमाणांतच ठरत असल्यामुळें तो आमच्यासारख्या खेळ न खेळणाऱ्यांनींहि विचारांत घेण्याजोगा आहे.

ह्या वादाशीं आमचा परिचय घडला तो घरांतच. गेल्या वैशाखांत, नागपूरच्या उन्हानें दुपारचे रस्ते ओस पडले असतां, आम्ही धंतोलींत आमच्या भगिनीच्या घरीं कूलरच्या आश्रयानें बसलों होतों. भाचा अकरावीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता आणि संगणकावर 'ओल्ड स्कूल रूनस्केप' नांवाचा खेळ खेळत होता. त्याचें पात्र समुद्रकांठीं उभें राहून वाळूंतून वर येणारे खेंकडे मारीत होतें. अर्धा तास आम्हीं पाहिलें. खेंकडा उठे, मरे, पुन्हां उठे. खेळणाऱ्याचा हात बहुधा स्वस्थच असे. मध्येंच तो एखादी कळ दाबी आणि पुन्हां शेंगदाण्यांकडे वळे. आम्हीं विचारलें, "ह्या खेंकड्यांनीं तुझें काय वांकडें केलें आहे?" तो हंसून म्हणाला, "मामा, ते खेंकडे नाहींत, आंकडे आहेत."

ह्या उत्तरावर एक जळजळीत लेख लिहिण्याचा आमचा निश्चय त्याच दुपारीं झाला होता. तो लेख लिहिला गेला नाहीं, ह्याचें कारण दोन दिवसांनीं पाहिलेला दुसरा प्रसंग. त्या दिवशीं हाच मुलगा एका ड्रॅगनच्या मोहिमेवर होता. ड्रॅगनच्या बेटाची वाट दाखविणाऱ्या नकाशाचे तीन तुकडे झालेले, आणि ते तीन ठिकाणीं दडलेले. बेटाकडे गलबत नेण्यास सहजासहजीं कोणी तयार नाहीं. गलबत विकत घ्यावें तों तें फुटकें. फळ्या आणि खिळे मिळवून त्याची डागडुजी करावी लागते. ड्रॅगनच्या मुखांतून निघणाऱ्या आगीपासून वांचविणारी ढाल एका सरदाराकडून मागून आणावी लागते. दोन तास तो मुलगा जागचा हालला नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर आम्हीहि हाललों नाहीं. शेवटीं ड्रॅगनशीं गांठ पडली तेव्हां तो टिकला तो खेंकड्यांवर मिळविलेल्या बळावरच. दोन दिवसांपूर्वीं आम्हांस निरर्थक वाटलेल्या दळणाचें पीठ अशा रीतीनें कामीं आलें, आणि आम्हांस आमचा निकाल पुन्हां तपासून पाहणें भाग पडलें.

प्रथम ह्या दोन मार्गांचा पूर्वेतिहास पाहूं. सन १९७४ मध्यें अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्यांनीं 'डन्जन्स ॲण्ड ड्रॅगन्स' हा कागद, पेन्सिल व फांसे ह्यांवर चालणारा खेळ प्रसिद्ध केला. पुढील सर्व भूमिका-खेळांचा तो मूळपुरुष होय. त्याच्या आरंभींच्या नियमांत राक्षस मारल्याचे गुण मिळत. पण भुयारांतून सुखरूप बाहेर आणलेल्या धनाबद्दलहि, एका सुवर्णमुद्रेस एक ह्या हिशेबानें, गुण मिळत. त्यामुळें शहाणा खेळाडू शक्य तेथें लढाई टाळी आणि युक्तीनें धन घेऊन निसटण्यांत भूषण मानी. सन १९७८ मध्यें इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल ह्यांनीं 'मड' नांवाचा खेळ संगणकावर आणला. त्यांत चित्रें नव्हतीं. सारें जग शब्दांनीं वर्णिलेलें होतें. तेथेंहि धन शोधून एका दलदलींत नेऊन टाकलें म्हणजे गुण मिळत, आणि पुरेसे गुण झाले म्हणजे खेळाडूस जादूगाराचें पद प्राप्त होई. ह्या दोन्ही खेळांत बक्षिसाचा मोठा वांटा शोधास होता. पुढें मात्र तराजू कलला. सन १९९९ मध्यें निघालेल्या 'एव्हरक्वेस्ट' ह्या खेळाच्या नांवांतच मोहीम आहे; परंतु त्यांत वर चढण्याचा रूढ मार्ग म्हणजे चार-सहा जणांनीं एक जागा धरून बसावें, तेथें राक्षस उपजण्याची वाट पाहावी आणि उपजतांच त्यास मारावें, हा होता. त्यांतहि आपणच मेलों तर मिळविलेल्या गुणांतून कांहीं वजा होत. नांव मोहिमेचें आणि व्यवहार दळणाचा, असा तो प्रकार होता.

हा पालट कां झाला? ह्याचें उत्तर व्यापारांत सांपडतें. कादंबरी एकदां विकली कीं लेखकाचा आणि वाचकाचा हिशेब पुरा होतो. ह्या खेळांची वर्गणी मात्र दरमहा घेतली जाऊं लागली, आणि जो खेळाडू पुढील महिन्यांतहि येईल तोच उपयोगाचा ठरूं लागला. आतां चांगली मोहीम रचण्यास कथा लागते, संभाषणें लागतात, चित्रें लागतात. कित्येक माणसें कित्येक महिने त्यांत गुंतून पडतात. आणि उत्साही खेळाडू ती एका रात्रींत संपवून 'पुढें काय?' म्हणून विचारतो. उलट, मारलेला राक्षस पांच मिनिटांनीं पुन्हां उभा करण्यास कांहींच खर्च येत नाहीं. कथा महाग आणि पुनरावृत्ति स्वस्त, ह्या एका कारणानें सबंध खेळप्रकाराला वळण लावलें. आपल्याकडील मालिका-चित्रांत एकाच प्रसंगावर आठवडाभर कॅमेरा फिरत राहतो, त्याचेंहि कारण ह्याहून फारसें वेगळें नसावें.

सन २००४ च्या नोव्हेंबरांत आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' ह्या खेळानें ह्या स्थितींत सुधारणा केली, हें प्रांजळपणें मान्य केलें पाहिजे. त्याच्या जगांत पावलोपावलीं कामगिरी सोंपविणारीं माणसें उभीं होतीं, आणि त्यांच्या डोक्यावर पिवळें उद्गारचिन्ह तळपत असे. आरंभीं त्या खेळांत साठ पातळ्या होत्या, आणि पुष्कळशी चढण ह्या कामगिऱ्यांच्या आधारें चढतां येत असे. परंतु इतक्या असंख्य मोहिमा आणावयाच्या कोठून? मग 'दहा रानडुकरें मारून ये', 'आठ लांडग्यांचीं कातडीं घेऊन ये' अशा कामगिऱ्या निघाल्या. दळण तेंच राहिलें. त्यावर मोहिमेचा अंगरखा मात्र चढला. मोहिमांची संख्या वाढविली म्हणजे समतोल साधला, ही समजूत किती भ्रामक आहे तें ह्यावरून दिसून येतें.

ह्या साऱ्या प्रकाराचें विडंबन करणारी एक कृति सन २००२ मध्येंच एरिक फ्रेड्रिकसन ह्यांनीं निर्माण केली होती. तिचें नांव 'प्रोग्रेस क्वेस्ट'. ह्या खेळांत खेळाडूनें पात्राचें नांव ठेवावें, त्याची जात निवडावी आणि स्वस्थ बसावें. पुढें कांहीं करावयाचें नाहीं. संगणक आपणच राक्षस मारतो, आपणच लूट विकतो, आपणच पातळी चढवितो आणि त्याची वर्दी देत राहतो. नागपुरांत जन्मलेल्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीं 'सुदाम्याच्या पोह्यां'त आपल्या रूढींची थट्टा केली ती अशाच रीतीनें, म्हणजे रूढि तिच्या टोंकापर्यंत नेऊन. ज्या खेळांतून खेळाडू काढून घेतला तरी प्रगति चालूच राहते, त्या खेळांत प्रगति नेमकी कोणाची होत होती, हा प्रश्न फ्रेड्रिकसन ह्यांनीं एक वाक्यहि न लिहितां विचारला आहे.

मग दळण सर्वथा त्याज्य मानावें काय? आमचें मत तसें नाहीं, आणि येथें आपलीच परंपरा आमच्या बाजूस आहे. ज्या देशांत पहांटे जात्यावर बसून बायकांनीं लक्षावधि ओव्या रचल्या, त्या देशांतील माणसास पुनरावृत्तीचें वावडें असण्याचें कारण नाहीं. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन ह्यांच्या परिश्रमानें एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला आहे. तो सारा दळतां दळतां गाइलेला आहे. जनाबाईबरोबर दळावयास प्रत्यक्ष विठ्ठल आला, ही कथा आपल्या लोकांनीं शतकानुशतकें जपली ती उगीच नव्हे. गवई रोज तेच पलटे घोंकतो, मल्ल रोज तितक्याच जोरबैठका काढतो. दळणांत सोबतहि असते. 'एव्हरक्वेस्टा'त एका जागीं तासन् तास बसलेल्या खेळाडूंच्या ज्या मैत्री जुळल्या त्या, जात्याचा खुंटा दोघींनीं मिळून धरला असतां मनांतलें बोलणें निघतें, तशाच रीतीनें जुळल्या. हा लाभ लहान नाहीं.

परंतु जात्याच्या बाबतींत दोन गोष्टी विसरतां येत नाहींत. जात्यांतून पीठ निघतें, आणि त्या पिठाची भाकर होते. गवयाचा गळा तयार होतो आणि तो मैफलीस बसतो. जेथें हात सुधारत नाहीं आणि भाकरहि होत नाहीं, तेथें जें चाललेलें असतें तें दळणहि नव्हे. तें रिकामें जातें फिरविणें होय. घरघर तीच, खांद्यास कळ तीच, आणि खालीं परातींत कांहीं नाहीं. खेळांतील दळणाची परीक्षा आमच्या मतें ह्याच एका कसोटीवर व्हावी. शंभराव्या खेंकड्याशीं लढतांना खेळाडू पहिल्या खेंकड्यापेक्षां अधिक कुशल झाला आहे काय? नसल्यास, निदान त्या शंभरांचें पीठ पुढें कोणत्या मोहिमेस लागणार आहे काय? दोन्ही प्रश्नांचें उत्तर नकारार्थी आलें तर वाढला तो केवळ आंकडा.

महाभारतकारांस हा समतोल पक्का ठाऊक होता. वनपर्वांत अर्जुन अस्त्रांसाठीं एकटा निघतो. तप करतो, किरातरूपी शंकराशीं झुंजतो, पाशुपतास्त्र मिळवितो. पुढें इंद्रलोकांत पांच वर्षें राहून तो अस्त्रांचा अभ्यास करतो आणि चित्रसेन गंधर्वाकडून नृत्यगायनहि शिकतो. मोहिमेच्या पोटांत अभ्यास आहे, आणि त्या अभ्यासाचें फळ पुढील मोहिमेंत आहे. कारण तेंच नृत्य विराटाच्या घरीं बृहन्नडेच्या कामीं येतें. उलट, युद्धांत भीष्म दररोज दहा सहस्र योद्धे मारीत असे म्हणतात; पण आठवतो तो भीष्म आपल्या मृत्यूचा उपाय पांडवांस सांगणारा. वाचकाच्या मनांत वधांची संख्या राहत नाहीं, निर्णय राहतो.

ह्या कसोटीनें आमच्या भाच्याचा खेळ कसा ठरतो तें आतां पाहूं. 'रूनस्केप' सन २००१ मध्यें इंग्लंडांतील गाउवर बंधूंनीं काढला. 'ओल्ड स्कूल' ही सन २०१३ मध्यें निघालेली त्याची जुन्या वळणाची आवृत्ति. ह्या खेळांतील मोहिमा संख्येनें बेताच्या, पण प्रत्येक निराळी रचलेली आहे. नवख्याची एक मोहीम अशी, कीं सरदाराच्या वाढदिवसाच्या केकसाठीं स्वयंपाक्याला अंडें, दूध आणि पीठ आणून द्यावयाचें. आणि पीठ मिळविण्यास गहूं खुडून पवनचक्कींत खरोखरच दळून आणावे लागतात. पुढील मोठ्या मोहिमा कौशल्याची अट घालतात. ड्रॅगनवधाच्या दुसऱ्या मोहिमेस आधींच्या मोहिमांचे दोनशें गुण लागतात, आणि त्याशिवाय जादू, लोहारकाम, खाणकाम इत्यादि विद्यांत ठराविक पातळी लागते. अशा रीतीनें मोहीम दळणास हेतु पुरविते आणि दळण मोहिमेस बळ पुरवितें. दोहोंस एकमेकांची गरज भासावी असा हा बेत आम्हांस ह्या खेळप्रकारांतील उत्तम बेतांपैकीं एक वाटतो.

परंतु ह्याच खेळांत रिकामें जातेंहि आहे. प्रत्येक विद्येची शेवटची पातळी नव्याण्णव. तेथवर पोंचण्यास १,३०,३४,४३१ गुण लागतात. ब्याण्णवाव्या पातळीस लागतात ६५,१७,२५३. म्हणजे ब्याण्णव गांठली असतां खेळाडू जवळजवळ बरोबर निम्म्या वाटेवर असतो, आणि शेवटच्या सात पायऱ्यांस पूर्वींच्या सर्व पायऱ्यांइतकेच गुण मोजावे लागतात. ह्या उत्तरार्धांत त्याच्यासमोर बहुधा नवी कथा नसते. नव्याण्णव हा आंकडाच काय तो असतो. पूर्वार्धाचे कर्ते कथाकार, आणि उत्तरार्धाचे कर्ते जमाखर्चनवीस, असा भास होतो.

आंकडा आणि गुणवत्ता ह्यांचें नातें कसें असावें, ह्याचें उदाहरण नागपूरकरांस दूर शोधावयास नको. बुद्धिबळांत ग्रँडमास्टर ही पदवी सामान्यतः मानांकन २५०० पर्यंत नेऊन आणि मान्य स्पर्धांतून तीन 'नॉर्म' मिळवून प्राप्त होते. हा झाला पायरीपायरीचा मार्ग. आपल्या गांवच्या दिव्या देशमुख ह्यांनीं जुलै २०२५ मध्यें जॉर्जियांतील बातुमी येथें महिलांचा विश्वचषक जिंकला, अंतिम सामन्यांत कोनेरू हंपी ह्यांस जलद डावांत हरविलें, आणि ग्रँडमास्टरचा एकहि नॉर्म गांठीं नसतां त्या विजयासरशीं त्या ग्रँडमास्टर झाल्या. बुद्धिबळाच्या नियमांनीं पायऱ्या ठेवल्या आहेत, आणि असामान्य मोहिमेस त्या ओलांडण्याची मुभाहि ठेवली आहे. अर्थात् त्या मोहिमेच्या मागें लहानपणापासूनचा अभ्यास होता. सन २०२४ मध्यें त्या मुलींच्या कनिष्ठ गटांत जगज्जेत्या झाल्या होत्या. आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. बुद्धिबळांतील मानांकन हरल्यावर उतरतें. त्यामुळें तो आंकडा खेळणाऱ्याच्या आजच्या बळाशीं प्रामाणिक राहतो. खेंकड्यांपासून मिळालेला आंकडा कधीं उतरत नाहीं. तो किती वेळ बसलों तें सांगतो, किती शिकलों तें सांगत नाहीं.

येथें न्यायाचा प्रश्न उत्पन्न होतो. ज्या खेळांत केवळ वेळ ओतून वर चढतां येतें, त्या खेळांत रात्रभर जागणारा नेहमींच पुढें राहणार आणि अभ्यास सांभाळून तासभर खेळणारा मागें पडणार. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या कर्त्यांनीं ह्यावर प्रयोग केला. जाहीर होण्यापूर्वींच्या चांचणींत फार वेळ खेळणाऱ्याचे गुण निम्मे करण्याचा नियम होता, खेळाडू संतापले. तेव्हां कर्त्यांनीं आंकडे फिरवून तोच नियम उलट्या बाजूनें मांडला: जो खेळ सोडून जाईल, धर्मशाळेंत विश्रांति घेईल, त्यास परतल्यावर कांहीं काळ वधांचे दुप्पट गुण. हिशेब जवळपास तोच. परंतु शिक्षेच्या जागीं बक्षीस आलें आणि लोकांनीं तें आनंदानें स्वीकारलें. चीनच्या सरकारनें सन २००७ पासून अल्पवयीन खेळाडूंसाठीं तीन तासांनंतर अर्धे गुण व पांच तासांनंतर शून्य असा नियम लागू केला, आणि सन २०२१ मध्यें तर त्यांचा खेळ शुक्रवार, शनिवार, रविवार व सुट्या ह्या दिवशीं रात्रीं आठ ते नऊ एवढ्यापुरता मर्यादित केला. आपल्या संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें संमत केलेला कायदा पैसे लावून खेळावयाच्या खेळांना बंदी करतो. भूमिका-खेळांत जो वेळ पणाला लागतो त्याला तो स्पर्श करीत नाहीं, आणि करावा असेंहि आम्हांस वाटत नाहीं. सरकारच्या घड्याळापेक्षां धर्मशाळेंतील विश्रांतीचा नियम अधिक शहाणा आहे. कारण तो खेळाच्या रचनेंतच आहे.

उलट टोंकाचाहि विचार केला पाहिजे. दळण अजीबात काढून टाकलें तर काय होईल? पुण्याच्या नॉडिंग हेड्स ह्या संस्थेनें सन २०२० मध्यें काढलेला 'राजी' हा खेळ ऑनलाइन नाहीं. तो एकट्यानें खेळावयाचा व थोडक्या बैठकींत संपणारा आहे. पळवून नेलेल्या धाकट्या भावाचा शोध घेणारी मुलगी, तिला दुर्गेकडून मिळालेला त्रिशूल आणि विष्णूकडून मिळालेलें धनुष्य, ही त्याची कथा. त्यांत शस्त्रें कथेच्या ओघांत हातीं येतात, दळण जवळजवळ नाहीं. आणि कथा संपली कीं खेळ संपतो, हें त्यास शोभतें. पण हजारों लोकांचें नांदतें जग असें संपतां येत नाहीं. 'फायनल फँटसी चौदा' ह्या खेळानें सन २०१३ मध्यें नवा अवतार घेतला तेव्हां मुख्य कथा सर्वांस सक्तीची केली. कथा पुढें नेल्यावांचून नवा प्रदेश खुला होत नाहीं. कथा चांगली आहे, तरी तिच्या मध्यें निरोप पोंचविण्याच्या फेऱ्या इतक्या आहेत कीं कित्येकदां मोहिमेचेंच दळण होतें. शिवाय मोहिमेस एक नवा शत्रु उत्पन्न झाला आहे, तो म्हणजे 'गाईड'. नकाशाचा तुकडा कोठें दडला आहे हें दुसऱ्यानें लिहून ठेवलेलें वाचून जो जातो, त्याच्या मोहिमेंतून शोध नाहींसा होतो आणि उरते ती पायपीट. आपल्या विद्यार्थ्यांस ह्या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं.

सारांश, दोहोंचें प्रमाण अमुक आणे हें आणि तमुक आणे तें असें ठरवितां येणार नाहीं. मोहिमेनें अभ्यासाची कसोटी पाहावी. अभ्यासानें हाताला नवें कांहीं शिकवावें. बसलेल्या वेळापेक्षां आलेल्या कौशल्याचा मान अधिक असावा. आणि अभ्यासाचा हेतु संपला म्हणजे खेळानें खेळाडूस मोकळें करावें. ह्या चार गोष्टी पाळणारा खेळ चांगल्या कादंबरीच्या पंक्तीस बसण्यास योग्य आहे. न पाळणारा खेळ, त्याचीं चित्रें कितीहि मोहक असलीं तरी, रिकामें जातें होय.

येथें लेख संपावयाचा. परंतु भाच्याकडील एक येणें आमच्या अंगावर राहिलें आहे. ड्रॅगन पडल्यावर दोन-तीन दिवसांनीं आम्ही पुन्हां गेलों तेव्हां तो पुन्हां खेंकड्यांपाशीं होता. आम्हीं विचारलें, "आतां कोणती मोहीम?" तो म्हणाला, "मोहीम नाहीं. नव्याण्णव करायचें आहे." आम्हीं आमची कसोटी त्यास ऐकविली, पीठ, भाकर, रिकामें जातें, सर्व. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि टेबलावरील कागदांच्या गठ्ठ्याकडे बोट दाखविलें. ते त्याच्या शिकवणीवर्गाच्या सराव-परीक्षांचे कागद होते. बारावीचे वर्ग सुट्टींतच सुरू झाले होते. "मामा, तिथेंहि हेंच आहे. रोज एक पेपर, रोज एक आंकडा. तो कशासाठीं वाढवायचा, हें कोणीं विचारलें आहे का?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. त्याच्या घरांत, आमच्या घरांत आणि ह्या मासिकाच्या बहुतेक वाचकांच्या घरांत त्या मुलास दररोज विचारला जाणारा प्रश्न एकच असतो: किती मिळाले? ज्या मुलास आम्ही सारे मिळून आंकडा वाढविण्यास शिकवितों, तो खेळांतहि आंकडाच वाढवीत बसला तर दोष एकट्या खेळाचा नव्हे. तेव्हांपासून आम्हीं स्वतःपुरता एक नियम केला आहे. धंतोलींत गेल्यावर 'किती वेळ खेळलास?' असेंहि विचारावयाचें नाहीं आणि 'किती मिळाले?' असेंहि नाहीं. 'आज काय सांपडलें?' असें विचारावयाचें. पहिल्या दिवशीं तो गोंधळला. दुसऱ्या खेपेस त्यानें आम्हांस सराव-परीक्षेच्या कागदांतील एक भूमितीचें उदाहरण दाखविलें, आणि तें सोडविण्याची त्याची स्वतःची रीत पुस्तकांतल्या रीतीहून दोन ओळींनीं आंखूड होती.